शेवटची सर्व्हिस

"सिस्टर, सलाईन राहू द्या, आधी टीव्ही बघा! तुमची शिडी उठली!" चार नंबरचे आजोबा ओरडले.

शिडी म्हणजे सिस्टरचा मुलगा. त्याला इथं कुणी पाहिलं नव्हतं, पण सिस्टरनं आठवडाभर त्याच्या उंचीचं इतकं कौतुक केलं होतं, की पुरुष वॉर्डानं त्याचं नावच पाडून टाकलं. आपल्या खंडातल्या देशांच्या कुमार संघांची व्हॉलीबॉल स्पर्धा, आज फायनल, आणि चिरंजीव चार सेट बाकावर बसून टाळ्या वाजवत होते.

पाचवा सेट. आपले चौदा, त्यांचे तेरा. कोचनं त्याला फक्त सर्व्हिससाठी आत पाठवलं. चुकली तर बरोबरी, आणि पुन्हा बाक.

खरं तर सिस्टरनं रजा मंजूर करून घेतली होती. पण मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तू नको ना येऊस. घरचं कुणी समोर असलं की माझा हात कापतो." मग तिनं रजा रद्द केली आणि वर मेट्रनची बोलणी खाल्ली.

टीव्हीवर त्यानं तळवा बुटाच्या तळाला पुसला. ही सवय त्याला कधी लागली, तिला ठाऊक नव्हतं. मग मान वर करून त्यानं प्रेक्षकांत बघितलं आणि मूठ छातीला लावली. कॅमेरा तिकडे वळला. पहिल्या रांगेत त्याच्या स्पोर्ट्स होस्टेलच्या मेसच्या काकू उभ्या होत्या. त्यांनीही छातीला मूठ लावली.



नवरा गेल्यावर रात्रपाळीला जाताना ती पोराला खोलीत कोंडून जायची. होस्टेलनं उंची बघून त्याला घेतलं, तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं होतं. पुढे त्याला टायफॉइड झाला, तेव्हा उशाशी काकूच बसल्या. ही इथं लोकांच्या मुलांचे ताप बघत होती.

त्यानं मारलेला बॉल समोरच्याच्या हातावर आपटून थेट बाहेर उडाला. जिंकले! प्लास्टरमधल्या ड्रायव्हरनं चमच्यानं खाट बडवायला घेतली.

"कुणाकडे बघत होता हो तो?" आजोबांनी विचारलं.

"जिनं मोठा केला, तिच्याकडे," सिस्टर म्हणाली आणि सलाईन लावू लागली. एवढा वॉर्ड तिच्यासाठी ओरडत होता, आणि तिला आपलं असं कुणीच वाटत नव्हतं.

थोड्या वेळानं फोन आला.

"आई, जिंकलो! बघितलंस?"

"नाही रे. इमर्जन्सी आली नेमकी. तू सांग ना."

मुलाचा आवाज एकदम मोकळा झाला. पहिल्या सेटपासून तो सगळं सांगत सुटला. ती खिडकीशी उभी राहून हं, हं करत राहिली.

"आणि शेवटच्या सर्व्हिसला ना आई, माझ्या डोळ्यांपुढे तूच होतीस."

टीव्हीवर नेमका तोच क्षण पुन्हा दाखवत होते. आजोबांनी उशीखाली चाचपून रिमोट काढला आणि टीव्ही बंद केला.

"हो का रे?" ती म्हणाली. "मग पुढे काय झालं?"

"पुढे काय होणार? मॅच संपली ना!" तो हसला.

तीही हसली.