बरा दिसणारा आकडा

आमच्या लॅबमध्ये जर्मन यंत्र आलं ते शहाण्णवच्या जुलैत. ते रक्त मोजायचं आणि आकडे थेट माझ्या कॉम्प्युटरवर पाठवायचं. पहिल्याच दिवशी एका धडधाकट कंडक्टरच्या प्लेटलेट बावीस लाख आल्या. असायला हव्यात दीड ते चार लाख.

"नीताबाई, हा माणूस आहे की रक्तपेढी?" डॉक्टर उदयसिंह हसले. "शून्य जास्त येतंय. खोडा."

प्रोग्राम लिहिणारा पुण्याचा. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. तोवर मी छापण्याआधी शून्य खोडायचे. वीस लाख दिसले, खोड. तीस लाख, खोड. कॉम्प्युटर मी पुस्तक वाचून शिकलेली. चूक सांभाळून घेते याचाच मला कोण अभिमान.

महिन्याभराने नेऱ्याचा टेंपोवाला काशीराम आला. त्याची बायको हौसा तापाने आमच्याकडे आली होती. रिपोर्ट चांगला म्हणून डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरी पाठवली. तिसऱ्या दिवशी नाकातोंडातून रक्त आलं. मुंबईला नेली, तिथे गेली. तो तेरावं उरकून आला होता.

त्याने दोन कागद टेबलावर ठेवले. "ताई, तुमच्याकडं दोन लाख वीस हजार. तिकडं नऊ हजार. तीन दिसांत एवढ्या उतरतात?"

"उतरतात तापात," डॉक्टर मागून म्हणाले. जरा घाईनेच.

यंत्राच्या कागदी पट्ट्या मी खोक्यात टाकत असे, वाचत नसे. हौसाची काढली. हजारांच्या हिशेबात २२,०. जर्मन लोक दशांशाच्या टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. आपल्याकडे तो हजार-लाख पाडायला, म्हणून प्रोग्राम तो गाळून टाकायचा. उरले दोनशे वीस हजार. प्रत्येकच आकडा दहापट होत होता; मी भलता दिसेल तेवढाच सुधारला.

"चहा सांगा त्यांना," डॉक्टर म्हणाले. डोळे वेगळंच सांगत होते.

"बावीस हजारच होत्या, काशीराम," मी म्हटलं. "शून्य जास्त लागतं. बाकीच्यांचं मी खोडत होते."

"मंग हिचं का नाय खोडलं?"

"तिचा आकडा बरा दिसत होता."

तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. त्याने पट्टी हातात घेतली. म्हणाला, "आनखी कोनाचा बरा दिसला?"

खोकं जमिनीवर पालथं केलं. तो पट्ट्या सरळ करत होता, मी रजिस्टरशी ताडत होते. तीन नावं निघाली. दोघं फोनवर सापडले. एक कामावर, एक उरणला दवाखान्यात. तिसरी चिरनेरची चंद्रावती, वय एकोणीस. रक्त दिलेलं परवा. फोन नाही.

टेंपोने गेलो. पोरगी ओटीवर आडवी होती, दंडावर निळे डाग, हिरड्या लाल.

"अशक्तपना हाय," तिची आई म्हणाली. आतून माझाच रिपोर्ट घेऊन आली. "समदं बरं लिवलंय. शिक्का हाय."

"तो चुकलाय, मावशी."

"आज चुकला? तवा पैसं घेतलंत ते?"

काशीरामने खिशातून हौसाचा कागद काढला आणि तिच्या कागदाशेजारी धरला. "हिचाबी बराच होता," तो म्हणाला. "माजी बायको होती."

मावशीला वाचता येत होतं की नाही, कोण जाणे. तिने पोरीला उठवलं. टेंपोत लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही.