उलटी लावलेली फळी

नवं हॉटेल जुनं दिसावं म्हणून जुने गोठे मोडायचे, हा आमच्या पिंझगाऊ खोऱ्यातला अलीकडचा धंदा. कोर्बिनियान सुताराला या धंद्याची मनापासून चीड होती आणि त्याचं पोटही त्यावरच चालत होतं. आत्ताचंच हॉटेल घ्या. उताराच्या बाजूला तीन मजले उंच काच, बाकी सगळं उघडंबोडकं काँक्रीट, छतातून लोंबणारी काळी शेकोटी, स्कीचे ओले बूट वाळवायला गरम नळ्यांची वेगळी खोली. या थंडगार कारभाराला जरा ऊब यावी म्हणून स्वागतकक्षाची मागची भिंत तेवढी गोठ्यांच्या जुन्या फळ्यांची. शंभर वर्षं उन्हाने करपलेलं स्प्रूसचं लाकूड. शहरातले पाहुणे त्यावरून हात फिरवतात आणि उसासे टाकतात.

आतली सगळी सजावट त्याच्या मुलीने, वालबुर्गाने केली होती. तिच्या आराखड्यांना तो तोंडावर ‘चित्रकला’ म्हणायचा. गुत्त्यात मात्र ‘आमच्या बुर्गीचं हॉटेल’ म्हणून छाती फुगवायचा.

शनिवारी उद्घाटन होतं. गुरुवारी सकाळी तो भिंतीवरून शेवटचा हात फिरवत होता, तेव्हा शेकोटीजवळची एक फळी त्याला खटकली. जुन्या लाकडाची सगळी किंमत त्याच्या ऊन खाल्लेल्या बाजूला असते. ही फळी कुणीतरी उलटी लावली होती, करवतीच्या खुणांची फिकी पाठ बाहेर करून. शिकाऊ पोरंही असली चूक करत नाहीत. पुटपुटत त्याने चारही स्क्रू काढले, फळी उलटवली आणि खाली फरशीवर बसला.

फळीवर क्रूस कोरलेला होता आणि खाली नाव होतं, फाइट. अक्षरं त्याच्या स्वतःच्या हातची होती.

फाइट त्याचा मुलगा. चोवीस वर्षांपूर्वी हिमलोटाखाली सापडला, तेव्हा एकोणीसचा होता. आता कुणी पाळत नाही, पण कोर्बिनियानच्या घरात रीत होती. मेलेल्या माणसाला दफन होईपर्यंत एका फळीवर निजवायचं, मग त्या फळीवर नाव कोरून ती येण्याजाण्याच्या वाटेवर, गोठ्याच्या भिंतीला ठोकायची. ऊन-पावसात ती कुजून पडली की जीव सुटला. त्याने मुद्दाम मऊ लाकूड निवडलं, तेलाचा थेंब लावला नाही आणि पावसाचा मारा बसेल अशीच बाजू शोधली. दर रविवारी चर्चमधून येताना तो नखाने कड टोकरून बघायचा. गेल्या वसंतात शेजाऱ्याने तो गोठा विकला. मोडणारे म्हणाले, कुजकं होतं ते सगळं जाळलं. कोर्बिनियान तसाच दफनभूमीत गेला, बायकोच्या थडग्यापाशी टोपी काढून उभा राहिला आणि तिला सांगितलं की आपला पोरगा सुटला. चोवीस वर्षांत तो पहिल्यांदा मोकळेपणी रडला तो त्या दिवशी.

आणि पोरगा इथे होता. भट्टीत तापवून त्यातली कीड मारलेली, तेल पाजलेलं, खालचा कुजका वीतभर भाग कापून टाकलेला. या भिंतीत तो आणखी दोनशे वर्षं टिकला असता.

वालबुर्गा काचेच्या दारातून आली ती नव्या उशा काखोटीला मारून. बापाच्या मांडीवर काय आहे ते दिसताच तिने उशा खाली ठेवल्या. चूक झाली, असं ती म्हणाली नाही. व्यापाऱ्याच्या ढिगात तिने फळी ओळखली होती. भट्टीत तिनेच दिली आणि नाव आत करून रात्रपाळीला आलेल्या वायरमनच्या मदतीने तिनेच लावली.

“तू त्याला कोंडून ठेवलंस, बुर्गी,” कोर्बिनियान म्हणाला.

“हो.”

“मी तुझ्या आईला जाऊन सांगितलं गं, तो सुटला म्हणून.”

तिला ते माहीत नव्हतं. ती त्याच्या शेजारी फरशीवरच बसली. म्हणाली, “तुम्ही दर रविवारी बघायला जायचात, तो जातोय का ते. मी अकरा वर्षांची होते, बाबा. तुमच्या मागे उभी राहून मी देवाला म्हणायचे, पाऊस नको पाडूस. मला एकदा तरी विचारलंत, तुझी तयारी आहे का म्हणून?”

त्याने विचारलं नव्हतं. घरात अजून एक पोर रडतंय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि आज ते कळून त्याला स्वतःची अतोनात लाज वाटली. त्याने फळी परत भिंतीला टेकवली, स्क्रू उचलला.

“राहू दे इथेच,” तो म्हणाला. “तुझ्याजवळ राहू दे.”

वालबुर्गाने त्याच्या हातातून स्क्रू काढून घेतला. तिने फळीचं एक टोक उचललं आणि बाप दुसरं उचलेपर्यंत थांबली. दोघं ती घेऊन बूट वाळवायच्या खोलीतून, मागच्या दाराने बाहेर आली. चर्चच्या वाटेवर, त्याच मोडलेल्या गोठ्याच्या उरलेल्या दगडी पायाला त्यांनी ती पावसाच्या अंगाला उभी केली. नाव बाहेर ठेवलं. कोर्बिनियानने सवयीने कड टोकरली. नख घसरलं.

“हे आता माझ्या हयातीत कुजायचं नाही,” तो म्हणाला.

“नाही,” वालबुर्गा म्हणाली. “तुमच्यानंतर रविवारी मी येत जाईन बघायला.”