झाऱ्यातलं शीत

माझी वाकडी दांडी बघून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना झारा आहे. निम्मा जन्म तळणात गेला, उरलेला तळ्यात चाललाय.

कारखान्यात यंत्रानं मला पत्र्यातून धाडकन कापलं, पोटाला भोकं पाडली आणि कामगार म्हणाले, झाला तयार! भोकं पाडून घेतल्यावर कुणी तयार होतं होय? पण खरं सांगतो, माझी सगळी अक्कल त्या भोकांतच आहे. जायचं ते जाऊ द्यायचं, धरायचं ते धरायचं.

सूनबाईंच्या लग्नातल्या भांड्यांबरोबर मी या घरात आलो. कढईत उतरलो की सगळे माझ्याकडे डोळे लावून बसायचे. मग एक दिवस दांडी मोडली. नवा झारा आला आणि मी माळ्यावर. तिथं झुरळंसुद्धा मला ओलांडून जायची, हो!

तिथून मला काढलं आजोबांनी. सूनबाईंचे सासरे. त्यांनी परसात स्वतः खणून एक छोटं तळं केलं होतं. मासे सोडले होते, त्यातला एक केशरी, थोराड, आजोबांचा लाडका. पण पाण्यात शेवाळ माजलं. आजोबांनी मला झाडूच्या काठीला तारेनं बांधलं आणि दिलं बुडवून. उकळत्या तेलातला जीव मी, गार पाण्यात पार चक्रावलो.

"बाबा, माझा झारा शेवाळात?" सूनबाई ओरडल्या.

"मोडकाच होता की गं."

"मोडका असला म्हणून काय झालं? माझा होता."

बरं वाटलं ऐकून.

आता गंमत बघा. मी रोज शेवाळ काढायचो. केसांच्या गुंत्यासारखं, लांबच्या लांब, गिळगिळीत. बादली भरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! आजोबा तर सगळं पाणी उपसायचे, दगड घासघासून लख्ख करायचे, नवं पाणी भरायचे. चार दिवस बरं दिसायचं, मग पाणी असं हिरवं व्हायचं की मी बुडालो की मलाच मी दिसायचो नाही. मी विचार करायचो, हे येतं कुठून? खातं काय?

आजोबांची नात बिट्टी, तिलाही हाच किडा. काठावर उकिडवी बसून विचारायची, "आजोबा, शेवाळाला तोंड असतं?"

"नसतं."

"मग जेवतं कसं?"

"तुझी आई विचारते ना, उलट उत्तर देऊ नको म्हटलं तरी देतेस कशी? तसंच."

म्हणजे आजोबांनाही ठाऊक नव्हतं.

मग वास यायला लागला. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडायचे, दम लागल्यासारखे. एकदा बिट्टी काठावर घसरून आपटली आणि सूनबाईंनी गवंड्याला सांगितलं, "एक गाडी माती आणा. बुजवून टाका हे डबकं."

 आजोबा तिथंच बसून केशरी माशाकडे बघत राहिले. दिसत तर नव्हताच तो.

गवंडी म्हणाला, "उद्या येतो." गवंड्याचा उद्या तुम्हाला माहितीये. माती फाटकाशी टाकून गेला तो गेलाच. तोवर आजोबांची कंबर धरली, म्हणून सूनबाईंनीच मला उचललं. तोंडानं पुटपुटत एक घाव तळापर्यंत घातला आणि मला वर काढलं.

पाणी गळून गेलं. माझ्यात उरली भाताची शितं.

सूनबाईंनी एक शीत चिमटीत धरून पाहिलं. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, यांनी तर स्वतःचा भात ओळखला! पुन्हा बुडवलं. पावाच्या कडा आल्या, फुगलेल्या. पुन्हा बुडवलं. बिस्किटाचा लगदा.

"बाबा, पावाच्या कडा कोण टाकतं?"

"मला चावत नाहीत गं. आणि तो केशरी बघतो ना असा... उपाशी वाटतो."

"बिट्टे, बिस्किट?"

"एकच देते! अर्धं मी खाते."

"आणि भात?" आजोबांनी चष्मा सारखा केला. "भात कुणाचा?"

सूनबाईंनी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. "भांडी घासताना शिल्लक राहिला की... आशेनं बघतात हो मेले."

आधी आजोबा हसले. मग तिघंही.

बिट्टी ओरडली, "म्हणजे मासे उरवतात आणि शेवाळ खातं! आपणच जेवायला घालतोय त्याला!"

बरोबर होतं पोरीचं. उरलेलं कुजून पाण्यात खत व्हायचं, वरून दिवसभर ऊन, शेवाळाची चैनच चैन. मग घरात नियम झाला. माशांना एकटी बिट्टी घालणार, चिमूटभर, तेही संपेल एवढंच. पाणी पुरतं उपसायचं नाही, थोडं थोडं बदलायचं. फाटकाशी पडलेल्या मातीतली घमेलंभर माती घेऊन आजोबांनी कुंडीत कमळ लावलं आणि कुंडी तळ्यात ठेवली. पानं पसरली, पाण्यावर सावली आली. मी शेवाळ काढून झाडांच्या बुडाशी टाकत राहिलो. लगेच काही झालं नाही. पण हळूहळू काठाचे दगड दिसले, मग केशरी माशाचे हलणारे कल्लेसुद्धा दिसले.

आणि एका सकाळी गवंडी आला, फावडं घेऊन. तळ्यात डोकावला. पार तळ दिसत होता.

"एवढं छान आहे, बुजवायचं कशाला, ताई?"

"नाहीच बुजवायचं," सूनबाई म्हणाल्या.

आजोबांनी श्वास सोडला. तेवढ्यात केशरी मासा वर आला आणि गवंड्याकडे बघायला लागला, तसाच, आशेनं. गवंडी विरघळला. त्यानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढला.

"नको!" तिघं एकदम ओरडले. बिचाऱ्याच्या हातातलं फावडं पडलं.

आता मी तळ्याकाठी खिळ्याला असतो. मित्रांनो, माया करा, पोटभर करा. पण घास टाकण्याआधी घरात एकदा विचारा, आज कुणी घातलंय का? आणि मोडकं भांडं दिसलं तर टाकू नका. त्याच्या भोकांत काय अडकेल, सांगता येत नाही.