नऊ नंबरची खोली बंद होती

कारखाना वाचला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं काय होणार म्हणून कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. इमारत उभी आहे, दाराशी पितळी पाटी आहे आणि रविवारी लोक रांग लावून वर चढतात. ज्यांना आनंद मानायचाय त्यांनी इथंच थांबावं.

एके काळी तिथं हातमोजे शिवले जायचे. धंदा बसला, तशी मालकानं यंत्रं विकली आणि रिकाम्या दालनांत लाकडी भिंती घालून खोल्या पाडल्या. छत गळायचं, पाणी सकाळी दोन तास. असल्या जागेत कोण येणार? ज्यांना दुसरीकडं कुणी दारात उभं करत नव्हतं ते आले. नट, चित्रकार, एक व्हायोलिनवाला, नवऱ्याला सोडून आलेली एक कवयित्री, आणि मुखवटे करणारा एक जण, जो सहा महिने कुणाशी बोलायचा नाही आणि पुढचे सहा महिने गप्प बसायचा नाही.

वरच्या मजल्यावर उत्तरेकडं उंच खिडक्या होत्या. शिवणाऱ्या बायकांना टाका दिसावा म्हणून केलेल्या. त्या बाजूच्या सहा खोल्यांत दिवसभर सारखा, स्वच्छ उजेड. त्यावरून कारखान्यात एक रीत पडली: ज्याला उजेडाची गरज, त्याला उजेडाची खोली. कुणी मोठं चित्र हाती घेतलं की वरचा आपलं बिऱ्हाड उचलून खाली यायचा. कुणाची नजर अधू झाली की त्याला वर न्यायचं. दोन कप चहा आणि किल्ल्यांची अदलाबदल, झालं काम. कागद करावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट कागद न करण्याचाच त्यांना कोण अभिमान. मालकाच्या रजिस्टरात पहिल्या दिवशीची नावं राहिली ती राहिलीच. हाच अभिमान पुढं आत्याच्या मुळावर आला.

आत्या एका भाच्याची खरी आत्या, बाकी साऱ्या कारखान्याची मानलेली. नाटकात प्रॉम्प्टर होती. चाळीस वर्षं विंगेतल्या काळोखात स्टुलावर बसून तिनं अडलेल्या नटांना वाक्यं पुरवली. आवाज असा, की ज्याला हवा त्याच्याच कानात जायचा. पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. नाटक सुटलं तरी खोड सुटली नाही. भाजी घेताना कुणी अडखळलं की आत्यानं शब्द पुढं केलाच. व्हायोलिनवाल्यानं शेजारच्या मुलीला लग्नाचं विचारलं तेव्हाही ही जिन्यात उभी होती म्हणे. त्याची बायको अजून सांगते, मी हो म्हटलं ते आत्याला.

आणि फ्रेमवाली. चित्रांना चौकटी करते, वय पन्नाशीच्या पुढं. तिची आई नाटकाचे कपडे शिवायची. ती गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची. नातेवाईक आले, रडले आणि मुलीचा विषय निघताच गाडीची वेळ झाली म्हणून उठले. आत्यानं भाषण वगैरे काही केलं नाही. आत्याच्या अंथरुणाशेजारी दुसरं अंथरूण पडलं, एवढंच. पुढं पोरीला करवतीचा नाद लागला, तेव्हा आत्यानंच दहा जणांच्या हातापाया पडून खालच्या दोन खोल्या तिला मिळवून दिल्या. एक कामाची, एक राहायची.

आत्या स्वतः आधी खालीच, रस्त्याकडच्या मोठ्या खोलीत होती. वरची नऊ नंबर होती शिल्पकाराची. त्यानं एकदा मोठा दगड वर चढवला आणि खालच्या बिऱ्हाडाच्या चहात छताचा चुना पडला. त्याच आठवड्यात आत्या वर गेली, शिल्पकार खाली आला. खालच्या खोलीत त्यानं बारा वर्षं दगड फोडले, नाव कमावलं आणि परदेशी निघून गेला. किल्ली मालकाच्या हातात दिली. मालकानं ती जागा एका कॉफीच्या दुकानाला देऊन टाकली. म्हणजे रजिस्टर उघडलं तर आत्याची खोली म्हणजे कॉफीचं दुकान, आणि आत्या राहते ती खोली शिल्पकाराची. चौतीस वर्षं यामुळं कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते मालकाचा नातू आल्यावर. त्याला कारखाना पाडून काचेचा मनोरा उभा करायचा होता. समोरचा रंगाचा कारखाना आधीच गेला होता, कोपऱ्यावरच्या छापखान्यात आता कुत्र्यांचे केस कापतात. कारखान्यातले लोक पेटून उठले. बचाव समिती झाली, फ्रेमवाली सेक्रेटरी झाली. सह्या, मोर्चे, फलक. सगळ्यात मोठ्यांदा ओरडायचं ते तीन वर्षांपूर्वी आलेलं संगणकवालं जोडपं. ‘आमचा वारसा’ म्हणताना नवऱ्याच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या.

शेवटी जुन्या वास्तूंच्या खात्याचं पत्र आलं. नुसत्या जुन्या इमारतीला संरक्षण देता येत नाही. मात्र एखाद्या मान्यवर कलावंताची कामाची खोली होती तशी शिल्लक असेल, मध्ये तिथं दुसऱ्या कुणाचं बिऱ्हाड झालं नसेल, तर सगळी वास्तू राखता येईल. शिल्पकार वर्षभरापूर्वीच वारला होता. त्याचे पुतळे चौकाचौकांत उभे होते. आणि रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: खोली नऊ.

सभा फ्रेमवालीच्या कामाच्या खोलीत भरली. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं. तिला जिना चढउतार करायला त्रास होतो, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

“पण तो तिथं काम करत नव्हता,” व्हायोलिनवाला म्हणाला. “नऊमध्ये त्यानं जिन्याला शिव्या देण्यापलीकडं काय केलं?”

“रजिस्टर तसं म्हणत नाही,” संगणकवाला म्हणाला. “आणि हे माहीत असलेले आता उरलेत किती?”

“आत्या आहे,” कवयित्री म्हणाली.

“आत्या आपलीच आहे की,” संगणकवाला म्हणाला.

 कवयित्रीनं पुन्हा तोंड उघडलं. “खोली काढून घेणार असाल तर तिला दुसरी द्या कुणीतरी. रीत आहे ना आपली?”

मुखवटेवाल्याची खोली ओलसर निघाली. व्हायोलिनवाल्याकडं आधीच चार जण. संगणकवाल्यांची यंत्रं नाजूक. फ्रेमवालीकडं दोन खोल्या होत्या. सभा त्यातल्या एकीत बसली होती, दुसरीचं दार उघडं होतं आणि आतला पलंग सगळ्यांना दिसत होता. सेक्रेटरीला कोण दुखावणार? तेव्हा कुणी बोललं नाही. फ्रेमवालीही मूग गिळून बसली. मग उठली, वारा येतोय म्हणाली आणि ते दार लोटून घेतलं.

ठरलं असं, की आत्यानं काही महिने भाच्याकडं जावं. पुढचं पुढं बघू. आणि तिला हे सांगणार कोण, तर जी तिच्या अंगाखांद्यावर वाढली ती.

आत्या खिडकीशी बसली होती. “ये,” ती म्हणाली. “दोन पायऱ्या गाळून चढणारी बया आज एकेक मोजत येतेय, तेव्हाच म्हटलं काहीतरी आहे.”

फ्रेमवालीनं सगळं सांगितलं. सांगताना ती भिंतीशी बोलत होती.

“किती दिवस?” आत्यानं विचारलं.

“तीन-चार महिने. कागद एकदा हातात आले की—”

“कागद आले की ही खोली त्याची होईल गं. मग मला आत कोण घेईल?”

“बघू ना आम्ही काहीतरी.”

“बघा.” आत्यानं पदरानं खिडकीची कड पुसली. “राहायला हवा कारखाना. नाहीतर कुठं जाल तुम्ही सगळे.”

फ्रेमवालीला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी हायसं वाटलं, हे खरं आहे ते खरं आहे.

पुढचे चार दिवस खोली रिकामी करण्यात गेले. पलंग, स्टोव्ह, नाटकांच्या वह्यांच्या दोन पेट्या. आत्याला आधाराशिवाय उठता येत नव्हतं म्हणून पलंगालगत भिंतीत एक लोखंडी दांडा ठोकलेला होता, तो काही केल्या निघेना. मग दगडाची पोती आली, प्लास्टरचे हात-पाय आले, कुठून कुठून मागून आणलेल्या छिन्न्या आल्या. आत्या दारात स्टुलावर बसून बघत होती. छिन्न्या ओळीनं मांडलेल्या पाहून तिला राहवलं नाही.

“इतका नीटनेटका कधी होता तो? फेका त्या इकडंतिकडं. आणि धूळ खिडकीवर टाका. खिडकी पुसणं त्याला ठाऊक नव्हतं.”

सगळे हसले. आत्याही हसली. त्यामुळं पुढचं काम सोपं गेलं.

पाहणीला एक बाई आल्या. शांत, अदबीनं बोलणाऱ्या, हातात वही. असल्या माणसाला फसवताना जास्त वाईट वाटतं. समिती भिंतीला टेकून उभी होती, आत्या दाराशी स्टुलावर. ‘या शेजारच्या आजी’ म्हणून तिची ओळख करून दिली होती. फ्रेमवाली बोलत होती. इथं दगड, इथं माती, हा उजेड त्यांना फार आवडायचा.

“हा दांडा कसला?” बाईंनी विचारलं.

“दगड सरकवताना धरायला,” फ्रेमवाली म्हणाली. तिची तिलाच कमाल वाटली.

बाईंनी लिहून घेतलं. मग वही मिटता मिटता त्या म्हणाल्या, “आणि ते गेल्यानंतर? इथं कोण राहत होतं?”

एवढ्याची तयारी दहा वेळा झाली होती. तरी फ्रेमवाली अडली. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. आत्याचं नाव अगदी जिभेवर आलं होतं, असं नंतर तिनं स्वतःला शंभरदा सांगितलं. येईना का जिभेवर, जिभेवरून पुढं आलं नाही.  बाईंनी मान वर केली.

तेवढ्यात फ्रेमवालीच्या कानात, फक्त तिच्याच कानात, आवाज आला.

“कुणीच नाही. खोली बंद होती.”

“कुणीच नाही,” फ्रेमवाली म्हणाली. “खोली बंद होती. आम्ही तशीच राखली.”

“नशीब,” बाई म्हणाल्या. “नाहीतर लोक कुणालातरी घुसवतात.”

दोन महिन्यांत संरक्षण मिळालं. मालकाच्या नातवानं दात-ओठ खाल्ले आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की पुतळ्यांच्या शिल्पकाराच्या इमारतीत राहायला लोक तिप्पट भाडं द्यायला तयार आहेत. कवयित्रीला ते झेपेना, ती वर्षाच्या आत गेली. तिची खोली तरी आत्याला द्यावी असं फ्रेमवाली सभेत म्हणाली. म्हणाली खरी, पण इतकं हळू, की टिपणात ते आलं नाही. ती खोली समितीच्या ऑफिसला लागली.

आत्याला भेटायला फ्रेमवाली गेली ती त्यानंतर. भाचा शहराच्या टोकाला सातव्या मजल्यावर राहतो. माणूस चांगला आहे, पण त्याच्या घरात आत्यासाठी जागा म्हणजे पोरीच्या अभ्यासाच्या टेबलामागचा कोपरा. भाचेसुनेनं चहा ठेवला आणि आत निघून गेली. आत्यानं एकेकाची चौकशी केली. व्हायोलिनवाल्याचा खांदा, मुखवटेवाल्याचे बोलायचे महिने चालू की मुके. सगळं आठवत होतं तिला. स्वतःच्या खोलीबद्दल तिनं विचारलं नाही.

“मी सांगितलं होतं सभेत,” फ्रेमवाली म्हणाली. “ऐकलं नाही कुणी.”

“असेल.”

“रागावलीस?”

“त्यावरून नाही.” आत्यानं कप खाली ठेवला. “त्या दिवशी तू अडलीस ना, तेव्हा माझ्या तोंडून वाक्य गेलं. माणूस अडला की माझ्या तोंडून जातंच, त्याला इलाज नाही. पण मी नटांना वाक्य द्यायची, तेव्हा प्रत्येक जण घ्यायचा असं नाही. काही जण मान हलवायचे. म्हणजे आत्या, हे नको, मला दुसरं बोलायचंय. मग मी गप्प बसायची.”

फ्रेमवालीनं पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली.

“मला वाटलं, तू मान हलवशील. मी दिलं ते त्याच भरवशावर दिलं. तू तर श्वाससुद्धा घेतला नाहीस गं.”

आतून भाचेसुनेनं शेवटच्या बसची आठवण करून दिली. फ्रेमवालीनं पिशवी उचलली, आत्याच्या गुडघ्याला हात लावला आणि येते म्हणाली. आत्या ये म्हणाली नाही.

हल्ली रविवारी नऊ नंबरची माहिती फ्रेमवालीच सांगते. समितीत तिच्याइतकी जुनी आता कुणी नाही. परवा रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तो लोखंडी दांडा हातात धरून पाहिला, दोनदा धरून पाहिला, आणि विचारलं, तो मोठा माणूस गेल्यावर इथं कोण राहायचं?

कुणीच नाही, फ्रेमवाली म्हणाली, खोली बंद होती. कुठंही अडली नाही.