सोलोहूचा नकार

पुचा या जुरचेन कुळाचा प्रमुख सोलोहू नाचायला लागला की नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं हातातलं काम टाकून बघायला यायची. हरणाच्या शिकारीचा नाच तो असा करी की त्या एकट्याच्या अंगात हरीणही दिसे आणि शिकारीही. या गुणाचा त्याला उभ्या आयुष्यात कधी त्रास झाला नव्हता. तो झाला मुलीच्या लग्नापायी.

दर वसंतात जुरचेनांवर राज्य करणाऱ्या खितानांचा बादशहा हुनथोंग नदीवर येई, बर्फाला भोक पाडून हंगामातला पहिला मासा ओढी आणि आसपासच्या सगळ्या जुरचेन प्रमुखांना मेजवानीला बसवी. दारू चढली की एकेकाला उठून नाचायला लावी. बापजाद्यांपासून सगळे नाचत आले होते. गेल्या वर्षी मात्र वान्यान कुळातला एक जण जागचा हलला नाही. पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी नुसता समोर बघत बसला. त्याचं डोकं धडावर राहिलं, आणि उन्हाळा येईपर्यंत खितानांपुढे नाचणं ही जुरचेन मुलखात लाजेची गोष्ट ठरली. त्याच मेजवानीत जे नाचले होते त्यांना आता आठवू लागलं की त्या दिवशी आपला गुडघा दुखत होता, म्हणजे तो काही नाच नव्हताच.

अशा दिवसांत तुदान कुळाचा प्रमुख वोबुहू आपल्या मुलासाठी सोलोहूच्या सुवानला मागणी घालायला आला.

"पोरगी पसंत आहे," तो म्हणाला, "पण वारं कसं वाहतंय ते तुम्ही बघताच. खितानांपुढे नाचणाऱ्याची मुलगी घरात आणली, तर माझे भाऊबंद माझ्या चुलीपाशी फिरकणार नाहीत. यंदाच्या मेजवानीत तुम्ही नाही म्हणा, मी लग्नाचे घोडे घेऊन येतो."

"गेल्या वर्षी तुम्हीही नाचलात की, भाऊजी," सोलोहूची बायको इनेंगी म्हणाली. "यांच्याच शेजारी."

"म्हणूनच सांगतोय, वहिनी. आमच्या घरात नाचलेला एक आहेच. दुसरा परवडायचा नाही."

सुवानचं त्या मुलाशी कधीच ठरलं होतं. मोठ्यांना ते ठाऊक नसल्यासारखं दाखवायची रीत होती, म्हणून सगळे तसं दाखवत होते. वोबुहू गेल्यावर ती बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, नुसतं बसून राहायचंय. एवढं जमेल ना?"

"बसून राहणं ही वान्यानांची तऱ्हा झाली," सोलोहू म्हणाला. "मी उठेन आणि तोंडावर सांगेन."

"उठू नका," इनेंगी म्हणाली. "तुम्ही उठलात की नाचता. इतकी वर्षं संसार केलाय मी."

पण सोलोहूला वाक्य सुचलं होतं, आणि सुचलेलं वाक्य गिळणं त्याला जमत नसे. 'पुचांचे पाय शिकारीसाठी आहेत, तुमच्या करमणुकीसाठी नाहीत.' जनावरांना चारा घालताना तो हे मोठ्याने म्हणून बघी. घोड्यांना ते पाठ झालं असावं.

मेजवानीच्या दिवशी बर्फावर तंबू पडले, मासा निघाला, दारू फिरली. जुरचेन प्रमुख रांगेने बसले होते आणि प्रत्येकाचा चेहरा दगडासारखा. सगळे नकाराच्या तयारीने आले होते. फक्त खितानही शहाणे झाले होते. गेल्या वर्षीची शोभा पुन्हा नको म्हणून त्यांनी यंदा कुणाला नाचायला सांगायचंच नाही, असं ठरवलं होतं.

"विचारत का नाहीत?" वोबुहू ओठ न हलवता पुटपुटला.

"विचारतील," सोलोहू म्हणाला.

मांसाची ताटं उचलायला सुरुवात झाली. कुणी काही विचारलं नाही. नकार द्यायला मिळाला नाही, तर सोलोहू घरी गेल्या वर्षीचा नाचलेला म्हणूनच परतणार होता, आणि सुवानचं लग्न इथेच बर्फावर मोडणार होतं. तो उठून उभा राहिला.

कानांवर बटा सोडलेला मेजवानीचा खितान कारभारी आधी पांढराफटक पडला. मग त्याचं तोंड उजळलं. जुरचेन प्रमुख, न सांगता, आपण होऊन उभा राहिला होता. वर्षभराची नाचक्की पुसली जात होती. त्याने ढोलवाल्यांना हात केला.

सोलोहूने वाक्य पुरं म्हटलं. ढोलांच्या दणक्यात ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही. ढोलावर हरणाच्या शिकारीचाच ठेका होता, आणि त्याचे गुडघे त्याला न विचारता वाकले.

तो इतका चांगला कधीच नाचला नव्हता. म्हाताऱ्या खितान सरदारांनी डोळे पुसले. त्याला रेशमी अंगरखा मिळाला.

घरी इनेंगीने अंगरख्याकडे पाहिलं. "उठलात."

"उठलो."

सुवानने घोड्यांना पाणी दाखवलं आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

बर्फ वितळायला लागल्यावर वोबुहू आला, आणि त्याच्यामागे घोड्यांची रांग होती. सोलोहूला वाटलं, हा दुसरीकडे मागणी घालायला निघालाय.

"भाऊबंदांना सांगून टाकलं," वोबुहू घोड्यावरून उतरत म्हणाला. "माझा व्याही बादशहासमोर उभा राहिला आणि तोंडावर नाही म्हणाला. म्हणालात ना?"

"म्हणालो. पण ढोल सुरू झाल्यावर."

"मग मी खोटं काय सांगितलं?"

"आणि नाच? सगळे प्रमुख तिथेच होते."

"त्यांनी पाहिला नाही. सगळे ताठ समोर बघत बसले होते. आता नाच पाहिला म्हणावं, तर मान वळवल्याचं कबूल करावं लागेल." त्याने खोगिराचा पट्टा सैल केला. "मी स्वतः नाचलेला. मला बादशहाला नाही म्हणणारा व्याही हवाच. तो अंगरखा तेवढा खोगिराखाली फाडून घाला. आणि यापुढे नाचायचं नाही. कुठेच."

लग्नात रीतीप्रमाणे मुलीकडचे खालून तापवलेल्या ओट्यावर बसले, मुलाकडचे खाली गुडघे टेकून होते. घोडे पारखून झाले, डुकराच्या चरबीची ताटं आली, बाजरीची दारू फिरली. मग ढोल वाजला आणि तुदानांचा एक तरणा पोरगा हरणाच्या शिकारीचा नाच करायला उठला. सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं.

सोलोहू समोर बघत राहिला. चेहरा दगडासारखा.

"बघून घ्या," एक म्हातारी नातवंडांना सांगत होती, "बादशहापुढे हे अस्सेच बसले होते." गोष्टीतलं उठणं तोवर गळून गेलं होतं.

सुवानच्या डोळ्यांत पाणी आलं. इनेंगीने कातडी पांघरुणाखाली हात घालून नवऱ्याचा गुडघा दाबून धरला.

"पोरगा चुकतोय," सोलोहू पुटपुटला. "हरीण असं वळत नाही."

"दिसतंय मला," ती म्हणाली. "तुम्ही समोर बघा."