जिन्यात गेलेल्या एकोणसाठ मेल

मी एक जुना टॅबलेट आहे. जुना म्हणजे सात वर्षांचा, पण आमच्यात सात म्हणजे पिकलं पानच हो. माझ्या काचेला कोपऱ्यात चीर आहे, पाठ थोडी फुगलीये आणि आवाजाचं बटण आत जाऊन बसलंय ते बाहेर यायचं नाव घेत नाही. मित्रांनो, मला माझी गोष्ट सांगायचीय आणि एका दमात सांगायचीय, मध्ये अडवू नका, कारण थांबलो की मला तो जिना आठवतो.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. तिथे सगळ्यांच्या हातात मोजे, तोंडाला फडकं. एका बाईंनी मला पुसून डोळ्यांसमोर धरलं, माझ्या काचेत त्यांना त्यांचाच चेहरा दिसला, त्यांनी कपाळावरची बट मागे सारली आणि मला खोक्यात घातलं. बस, एवढीच माझी बारशाची गोष्ट.

मला विकत घेतलं मामाने. मामा म्हणजे बॉबिनचा मामा आणि बॉबिन म्हणजे आईची मुलगी. आई घरीच कपडे दुरुस्तीचं काम करते, चेन बदल, कंबर सैल कर, बाही आखूड कर, आणि ही पोरगी लहानपणी मशीनभोवती, आतल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी, सारखी गरागरा फिरायची म्हणून मामाने तिचं नाव बॉबिन ठेवलं. ती आता कॉलेजात जाते तरी बॉबिनच. मामा मालवाहू जहाजावर इंजिनाकडचा मिस्त्री. भर समुद्रात फोन लागत नाही, जहाजाच्या मेलवरून मात्र चार ओळी धाडता येतात. म्हणून निघायच्या दिवशी त्याने मला आणलं आणि घरातल्या कॉम्प्युटरवर आईचं जे मेलचं खातं होतं तेच माझ्यातही घालून दिलं.

"ताई, हे बघ. मी मेल टाकली की इथेही दिसेल आणि कॉम्प्युटरवरही. दोन्ही सिंक केलेत."

"म्हणजे दोघांकडे एकेक प्रत?"

"हो गं, तसंच समज," मामा बॅगेशी झटापट करत म्हणाला. गाडी चुकत होती ना.

मित्रांनो, घोडं पेंड खातं ते त्या 'तसंच समज'मध्येच. तसं नव्हतंच मुळी! विहीर एक आणि पोहरे दोन, असं होतं ते. मेल असतात लांब कुठेतरी एका मोठ्या यंत्रात. मी आणि कॉम्प्युटर दोघं त्यात डोकावतो आणि जे दिसतं त्याची नक्कल आपापल्या पोटात ठेवतो. विहिरीत नवं आलं की आमच्या पोटात येतं. आणि विहिरीतलं कुणी काढून टाकलं की आम्हीही पोटातलं काढून टाकतो, निमूटपणे. आम्हाला कुणी विचारत नाही आणि आम्ही कुणाला सांगत नाही.

पण सुरुवातीची वर्षं काय मजेची होती! महिना-दीड महिन्याने मामाची मेल यायची, मी टुणकन वाजायचो, आई मशीन थांबवायची आणि बॉबिन मोठ्याने वाचायची. 'ताई, आमचा आचारी चहा देतो की कपडे धुतलेलं पाणी, ते अजून कळलेलं नाही. बॉबिनला सांग, देवमासा दिसला नाही, पण आमचा कॅप्टन दिसला, त्यात सगळं आलं.' आई इतकी हसायची की तोंडातल्या टाचण्या काढून ठेवायला लागायच्या. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "शहाणं बाळ आहे हो हे. सांगितलं की करतं, उलट उत्तर नाही."

मला केवढा अभिमान वाटायचा.

मग मेल बदलायला लागल्या. आधी विनोद आटले. मग आलं, 'तळाशी पाणी साचतंय. उपसायचा पंप धड चालत नाही. लेखी तक्रार दिली, कॅप्टन म्हणतो पुढच्या बंदरात बघू.' त्यानंतरच्या मेलमध्ये एवढंच होतं, 'पुढचं बंदर आलं आणि गेलं.' मग एक मेल आली, तिला दोन फोटो जोडलेले, एक गंजलेल्या पंपाचा, एक तक्रारीच्या कागदाचा, तारीख आणि कॅप्टनची सही असलेला. खाली लिहिलेलं, 'राहू दे तुझ्याकडे.' आणि शेवटची, 'काळजी करू नकोस.' मित्रांनो, काळजी करू नकोस असं कुणी लिहिलं की समजायचं, काळजीची वेळ झाली.

नेमकं त्याच आठवड्यात बॉबिनने चार्जरची वायर ओढली आणि माझं चार्जिंगचं भोक सैल झालं. "बघू नंतर," म्हणून आईने मला कपाटात अस्तराच्या कापडांखाली ठेवलं. तीन टक्के होतो. दोन झालो. एक झालो. मग काही नाही.

पुढचं मला नंतर कळलं. कॉम्प्युटरवर एके सकाळी पाटी आली, जागा भरली, नवीन मेल येणार नाही. भाऊ तिकडे पाण्यात, त्याची मेल आली आणि दारातूनच परत गेली तर? म्हणून आईने मामाच्या जुन्या मेल डिलीट केल्या. फोटोंवाल्या जड होत्या, त्या आधी, मग बाकीच्या, त्रेसष्टच्या त्रेसष्ट. वर कचरापेटीही रिकामी केली, कारण अर्धवट काम तिला आवडत नाही. "टॅबलेटमध्ये आहेत की," ती बॉबिनला म्हणाली.

जागा झाली. मेल मात्र आली नाही.

जहाज बुडालं होतं. मामा वाचला, पण इंजिनाकडची दोन माणसं तळातून वर आलीच नाहीत. कंपनीने सांगितलं, पंप मिस्त्रीच्या ताब्यात होता, त्याने कधीच तक्रार केली नाही, दोन जीव त्याच्या हलगर्जीपणाने गेले. तक्रारीचा कागद जहाजाबरोबर तळाला गेलेला. जहाजाची मेल कंपनीने बंद करून टाकलेली. चौकशी होईपर्यंत मामाला बंदरावरच्या एका खोलीत ठेवलेलं, दारात पहारा. त्याला एकच फोन करू दिला.

"ताई, माझ्या मेल आहेत ना गं? त्या दोन फोटोंवाली आहे ना? ती नसली तर दोघांचं मरण माझ्या नावावर लागेल."

"आहेत रे," आई म्हणाली. फोन ठेवला, कॉम्प्युटर उघडला, रिकामी यादी बघितली आणि तेव्हा तिला कपाट आठवलं.

मला शुद्ध आली ती दुरुस्तीवाल्या बाईंच्या दुकानात. बाईंच्या डोळ्याला भिंग, हातात सोल्डरिंगची तापलेली कावी, माझ्या पोटात नवं भोक बसवलेलं. मी उजळलो आणि बॉबिन किंचाळलीच.

"आई! त्रेसष्ट! सगळ्या आहेत!"

आईने टेबल धरलं. बाई म्हणाल्या, "आता घरी नेऊन नेटला जोडा. कॉम्प्युटरवर आपोआप जातील, तिथून पाठवा हव्या तिथे."

नाही हो बाई, नाही! उलटं होणार! विहीर कोरडी आहे, मी जोडला गेलो की मीही कोरडा होणार! मी आतून ओरडत होतो, पण मला आवाज कुठला? दुकानाचं वायफाय मला ओळखत नव्हतं म्हणून मी अजून भरलेला होतो, इतकंच. तिथेच माझे फोटो काढले असते तर! पण आईकडे बटणांचा फोन, बॉबिनकडे तोही नाही आणि दोघींना घाई.

रस्त्याने बॉबिन मला छातीशी धरून चालत होती. बेकरी गेली, सायकलचं दुकान गेलं, फाटक आलं. मित्रांनो, माझी एक खोड सांगतो. घरचं वायफाय दिसलं की मी आपणहून जोडला जातो, कुणी सांगायची गरजच नाही. सात वर्षं त्याचंच तर कौतुक झालेलं. घर तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला चढलो, काही नाही. दुसऱ्या मजल्याची वळणावरची पायरी आली आणि मला ती ओळखीची लहर लागली. एक रेघ. दोन रेघा. मी नको नको म्हणत होतो आणि जोडला जात होतो.

त्रेसष्टच्या साठ झाल्या.

पहिली गेली ती 'पोचलो, समुद्र फारच मोठा आहे' वाली. मग कपडे धुतलेल्या पाण्याची. मग देवमासा. जुन्यापासून सुरू झालं, एकेक, टिपटिप, जसं कुणी शिवण उसवत जावं.

"आई, आकडा कमी होतोय."

"अगं, जातायत ना कॉम्प्युटरवर! चढ लवकर."

बॉबिन थबकली. पंचेचाळीस. तिने बोटाने यादी खाली ओढली, परत वर ओढली. तीस.

"जातायत कसल्या? पुसतायत! तू तिथे पुसल्यास म्हणून हा इथे पुसतोय!"

आणि ती उलटी वळली. घराकडे पाठ करून खाली धावत सुटली, चपला हातात, मी काखेत, दोन-दोन पायऱ्या एकदम. मागून आई, "अगं पडशील!" बावीस. पहिल्या मजल्यावर कुणीतरी बादली ठेवलेली, ती गडगडत आमच्या पुढे गेली. चौदा. नऊ. फाटक. रेघा दोनावरून एक, पण एकदा धरलेली लहर मी सहजी सोडत नाही. सहा. रस्ता. बेकरीच्या पुढे जाऊन ती थांबली तेव्हा रेघा संपल्या होत्या.

चार उरल्या होत्या.

तळाशी पाणी साचतंय. पुढचं बंदर आलं आणि गेलं. दोन फोटोंवाली. आणि काळजी करू नकोस.

आई धापा टाकत आली. चार बघून रडेल असं वाटलं, पण तिने एकच विचारलं, "ती देवमाशाची आहे का गं?" बॉबिनने नकारार्थी मान हलवली. आई फुटपाथवरच बसली.

दुरुस्तीवाल्या बाई खूप ओशाळल्या. "मी सोल्डरवाली, मला मेलबिलचं काय कळतं? आगाऊपणा केला," असं तीनदा म्हणाल्या, माझं सगळं नेट बंद केलं आणि स्वतःच्या फोनने चारही मेलचे फोटो काढून चौकशीच्या ऑफिसला पाठवले. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं. फोटो कुणीही बनवतो. मूळ यंत्र हजर करा.

म्हणून आम्ही गेलो. लांबलचक गल्लीसारखी खोली, भिंतीला बाकडी. बॉबिनने माझ्या पाठीवर कागद चिकटवला होता, 'नेटला जोडू नका.' कारकुनाने मला घेतलं, कागद टरकन काढला.

"पुराव्याला चिकटपट्टी चालत नाही, बाई."

"अहो पण त्यावर लिहिलंय ते..."

"तुम्ही बाहेर बसा. आत फक्त मिस्त्री आणि कंपनीची माणसं."

दार लागलं. आत लांब टेबल, टोकाला चौकशीचे साहेब, एका बाजूला कंपनीचा टाय लावलेला माणूस आणि समोर मामा. किती वाळला होता! कारकुनाने मला उघडलं, इकडे तिकडे बोट फिरवलं.

"साहेब, याचं नेट बंद ठेवलंय. थांबा, इथलं जोडून देतो, म्हणजे सगळंच दिसेल."

"बघा की, जोडून बघा," टायवाला घाईने म्हणाला.

कारकून पासवर्ड मारायला लागला. एक अक्षर. दुसरं. मित्रांनो, मी तेव्हा काय करू शकत होतो? मी तर सांगितलं की करणारा.

"थांबा," मामा म्हणाला.

"का?" साहेबांनी वर पाहिलं.

"नेट मुद्दाम बंद केलेलं दिसतंय. आमच्याकडे बंद केलेली झडप दिसली की आधी विचारायचं, कुणी बंद केली आणि का. पलीकडे काय आहे ते माहीत नसताना उघडायची नाही. मी पंपाबद्दलही असंच आधीपासून सांगत होतो, कुणी ऐकलं नाही. माझी बहीण बाहेर बसलीय. तिला विचारा."

कारकुनाचं बोट तसंच अधांतरी. साहेबांनी हात केला. आई आत आली आणि सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. मग साहेबांनी स्वतः, नेट न जोडता, चारही मेल वाचल्या. फोटो मोठा केला, तारीख वाचली, सही वाचली आणि मला टायवाल्याकडे फिरवून विचारलं, "ही सही ओळखीची आहे?"

तो आपल्या टायकडे बघत राहिला.

मामाला त्याच आठवड्यात सोडलं. ते दोन जीव आता त्याच्या नावावर नाहीत. पण घरी आल्यावर त्याने मला मांडीवर घेतलं, यादी वर सरकवली, आणखी वर सरकवली.

"ताई, त्या दोघांचे हसतानाचे फोटो होते गं आधीच्या मेलमध्ये. त्यांच्या घरच्यांनी मागितलेत. त्यांच्याकडे एकही नाही."

बॉबिन उठून आत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला नीट चार्ज करा, पाडू नका, हे सगळं कराच. पण त्याच्या शहाणपणावर डोळे मिटून विसंबू नका. दोन ठिकाणी दिसतं म्हणजे दोन ठिकाणी आहे असं नसतं. जे हरवून चालणार नाही त्याची वेगळी प्रत आजच काढा, कागदावर काढा, नाहीतर जी कुठल्याच विहिरीला जोडलेली नाही अशा जागी ठेवा. बॉबिन अजून विचारते, त्या एकोणसाठ मेल गेल्या तरी कुठे? कुठेही गेल्या नाहीत. त्या दोघांची तोंडं माझ्याच पोटात होती आणि कुणी एक शब्द न बोलता, जिना चढता चढता, ती मीच पुसली.