पोटच्या पोरीचा वाडगा

रविवारी आमच्या मोंव्हाल गावात पाय ठेवायला जागा नसते. पाहुणे जुनं चर्च बघतात, माझ्या खाणावळीत बदकाचा रस्सा ओरपतात आणि जाताना माझ्या भावाने घडवलेला एखादा मातीचा मधाळ पिवळा वाडगा घेऊन जातात. त्यांच्या कौतुकाने माझं डोकं उठतं, पण गाव त्यांच्यावरच जगतंय.

त्या वसंतात माझं लक्ष मात्र लिझोंवर होतं. भावाची, बास्तियांची, सात वर्षांची पोर. आई नाही, म्हणून माझ्याकडेच जेवायची. सारखं पोट दुखायचं तिचं, पाय ओढत चालायची, शाळेतलं विसरायची.

"नाटकं करते," बास्तियां म्हणाला.

"नाटकं? पोरीची हाडं दिसतायत. डोळे फुटले का तुझे?" मी दोघांना ओढत शहरातल्या इस्पितळात नेलं.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात शिसं गेलंय, भरपूर. जेवते कशात?"

"बाप्तिस्म्याला बापाने दिलेल्या वाडग्यात," मी म्हटलं. "आमच्यात पोरं दुसऱ्या भांड्याला तोंड लावत नाहीत. आणि तसले वाडगे अर्धं पॅरिस घेऊन गेलंय, तेही आजारी पडलेत की काय?"

"ते नाही पडायचे, ताई." बास्तियांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "विक्रीच्या भांड्यांना दुकानातली बिनशिशाची झिलई लावतो, कायदाच आहे तसा. हिच्या वाडग्याला आजोबांची लावली, शिशाची. त्या झिलईशिवाय तो रंग येत नाही. पोटच्या पोरीला नकली कसं देऊ? आजोबा तर जन्मभर त्यातच जेवले."

आजोबांचे हात शेवटी मनगटातून लुळे पडले होते. आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो. मला बास्तियांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण त्याच्याकडे बघून हात उचलवेना.

"शिसं औषधाने निघेल," बाई म्हणाल्या. "डोक्यातलं जे गेलंय, ते परत येईलच असं नाही."

महिन्याने लिझोंला घरी आणलं. वेशीवर गाडी थांबवावी लागली, पाहुणे गावाच्या पाटीपाशी फोटो काढत होते. गेल्या वर्षी वाचायला शिकल्यावर ही पाटी पोरगी येता-जाता ओरडून वाचायची. आता बराच वेळ बघत राहिली.

"आत्या, तिथे काय लिहिलंय?"

बास्तियांने गाडी बंद केली आणि तिला एकेक अक्षर वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "पुन्हा सांग."